मालूची दहा कुत्री

ते पुस्तक कुत्र्यांचं होतं आणि ते माझं नव्हतं. तळहाताहून जरा मोठं, जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, कोपरे गोल कापलेलं. पहिल्या पानावर एक कुत्रं पायरीवर झोपलेलं, दुसऱ्यावर दोन कुत्री एका हाडाची दोन टोकं धरून ओढत असलेली, तिसऱ्यावर तीन, आणि असं करत शेवटच्या पानावर भिंतीपाशी ओळीनं बसलेली दहा. चित्राखाली तेवढा अंक आणि त्या अंकाचा शब्द, दोन्ही कन्नडमध्ये. कुत्री आमच्याकडची नव्हती. लांब केसांची, कान लोंबणारी, गळ्यात लाल पट्टे घातलेली. आईनं ती पाहून ही कुत्री न्हाईत, मेंढरं हायत, असा निकाल दिला होता. अप्पा, म्हणजे माझे आजोबा, यांनी पान डोळ्यांपासून लांब धरून विचारलं होतं, "ह्यांच्याकडून राखण कोण करून घेतंय?"

आमचं घर संतपूरला, बसच्या रस्त्यापासून आत. घरात अप्पा, वडील, आई, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान बहीण मालू. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते मराठी शाळेत मास्तर होते. आमचा बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यापासून मास्तरांना कन्नड शिकणं भाग पडलं होतं, त्यामुळे रोज संध्याकाळी अण्णा अंगणात पाट टाकून कन्नड बाराखडी गिरवत बसत आणि मी त्यांच्या शेजारी बसून तीच गिरवत असे. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि अप्पांचा राग दखनी उर्दूत, अशी आमच्याकडे भाषांची वाटणी होती. अप्पा चिडले की निजामाच्या काळातल्या एखाद्या नायब तहसीलदारासारखे बोलू लागत. मालूला त्यातलं काही कळत नसे आणि ती खूश होऊन त्यांच्याकडे बघत बसे. सकाळी घरात पहिला आवाज जात्याचा, मग आईच्या हातावर भाकरी थापल्याचा, मग अप्पांच्या खोकल्याचा. आई भाकरी थापताना बोलत नसे. तिला काही विचारायचं असेल तर भाकरी तव्यावर पडेपर्यंत थांबावं लागे. पुढे बातमी घेण्यासाठी मला अनेक मोठ्या माणसांच्या दारात थांबावं लागलं. त्या थांबण्याची सवय मला चुलीपाशीच लागली असावी.

दळणासाठी कणगीतून ज्वारी काढायची ती अप्पांनीच. पायलीचं माप भरायचं, वरून तळवा फिरवून सपाट करायचं आणि पोत्यात ओतायचं. पहिलं माप ओतताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, अशी धान्याची मोजणी. ही रीत आमच्या सगळ्या भागात होती, मराठी घरात तशीच कन्नड घरात, आणि मोजणी चालू असताना मध्ये कुणी बोलायचं नाही, हाही नियम होता. मला तोपर्यंत शाळा लागली होती, त्यामुळे मी त्या वेळी घरी नसे. मालू असे. ती अप्पांच्या समोर मांडी घालून, तोंडावर हात ठेवून बसायची. मोजणं म्हणजे काय हे ती तिथेच शिकली.

बीदरला माझे धाकटे काका, बाबूकाका, एका कचेरीत कारकून होते. काकू गुलबर्ग्याकडची, घरी कन्नड बोलणारी. लग्नाला बरीच वर्षं होऊन त्यांना मूल नव्हतं. त्या थंडीत एका संध्याकाळी अण्णांनी पाटीवरची मान वर न करता आईला सांगितलं, "बाबू म्हणायलाय, एक लेकरू आमच्याकडं द्या. बीदरला शिकवू. आपलंच म्हणून ऱ्हाईल." आई तांदूळ निवडत होती. माझ्या दृष्टीनं प्रश्न मिटलेला होता. एक लेकरू म्हणजे मी. मला वाचता येत होतं, कन्नड अक्षरं लागत होती. मालूला नाक पुसता येत नव्हतं. मी त्याच दिवसापासून बीदरची तयारी सुरू केली. तिथल्या घराला नळ आहे, काकूकडे हातानं चालवायचं शिलाईचं यंत्र आहे, रस्त्यावर विजेचे दिवे आहेत, ही माहिती मी अण्णांकडून सुटी सुटी काढून घेतली आणि शाळेत मैत्रिणींना एकत्र करून सांगितली.

काका-काकू येळवशीच्या आधी आले. वेळ अमावास्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही, सगळे शेतात. बसमधून उतरल्यावर काकूनं आईच्या पाया पडून पिशवीतून ते पुस्तक काढलं आणि थेट मालूच्या हातात दिलं. मी मालूच्या शेजारी उभी होते. माझ्यासाठी रिबिनी होत्या, हिरव्या, चांगल्या. त्या मला नको होत्या असं नाही. पण रिबीन कुणीही कुणालाही आणतं. ते पुस्तक विकत घेताना कुणीतरी एका विशिष्ट मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला होता, आणि तो माझा नव्हता, हे मला तिथल्या तिथे कळलं. ज्या मुलीला एक अक्षर वाचता येत नव्हतं तिला पुस्तक, आणि जिला त्यातला प्रत्येक शब्द वाचता येत होता तिला रिबिनी.

पुढचे दोन दिवस मालू त्या पुस्तकावर अक्षरशः बसून होती. जेवताना ते मांडीखाली, झोपताना उशीखाली. मी हात पुढे केला की म्हणायची, "शांताक्का, आगुदर हात धू." मी हात धुऊन आले की म्हणायची, "आता कुत्री झोपल्यात." ती पुस्तक बऱ्याचदा उलटं धरायची आणि कुत्र्यांना गावातल्या माणसांची नावं द्यायची. तिसऱ्या पानावरचा जाड कुत्रा तलाठी. सहाव्या पानावर तोंड फिरवून बसलेली कुत्री शेजारची गंगूबाई. काकू हसून लोळायची बाकी राही. "ते कोण म्हणालास? तलाठी? अगं बाई," म्हणत ती मालूचा गालगुच्चा घेई. काकूच्या मराठीत मालू कधी मुलगा असे, कधी मुलगी, कधी नुसतं लेकरू. मी मात्र नेहमी 'मोठी'. मी मालूच्या खांद्यावरून वाकून पानं पाहून घेतली. दोन दिवसांत मला ते पुस्तक पाठ झालं. कुठल्या पानावरच्या कुठल्या कुत्र्याचा कान पांढरा, हे आजही मी सांगू शकते. मालूला विचारलं तर तिला आता पुस्तकच नीट आठवत नाही. ज्याची वस्तू असते त्याला ती लक्षात ठेवावी लागत नाही.

येळवशीला सकाळीच बैलगाडीतून शेतात गेलो. आंब्याखाली कडब्याची कोप उभी केलेली, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पूजा झाली, अप्पांनी पिकाला आंबील शिंपडली, आणि मग जेवण. डाळीच्या पिठात हिरवी तूर, वाल, गाजर, शेंगा, चिंच असं त्या दिवसांतलं शेतात असेल ते सगळं घालून रटरटवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, आणि माठातली ताकाची आंबील. काकूनं आंबील मालूला आपल्या हातानं पाजली. मालूच्या हनुवटीवरून ती गळ्यात उतरली तशी काकूनं स्वतःच्या नव्या लुगड्याच्या पदरानं पुसली. आई समोर बसून वाढत होती. तिनं ते पाहिलं, आणि काकूच्या पानात भज्जी वाढायची राहिली.

जेवणं झाल्यावर काका आंब्याला टेकून बसले आणि म्हणाले, "बघू मालू, कुत्री मोजता येतात का तुला? बीदरच्या शाळेत विचारत्यात." दोन दिवस जे कुणी उघड बोललं नव्हतं ते काकांच्या तोंडून निघून गेलं होतं. विचारणा मालूची चालली होती. मी मालूच्या आधी बोलले. पुस्तक न बघता, दहा पानं, कन्नडमध्ये: वंदु, यरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, वंबत्तु, हत्तु. एकही चुकलं नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्यांना स्वतःला वंबत्तूपाशी नेहमी अडायला होई. काका म्हणाले, "शाबास, हुशार हायस की." काकू म्हणाली, "हौदु, हो हो, छान म्हणालीस." आणि दोघेही परत मालूकडे वळले.

मालूनं शेवटचं पान उघडून मातीवर ठेवलं, मांडी घातली आणि एका हाताची बोटं ओठांवर धरून सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. आम्ही गप्प आहोत याची तिची खात्री झाल्यावर तिनं पहिल्या कुत्र्याच्या डोक्यावरून तळवा सपाट फिरवला, अप्पा मापावरून फिरवत तसा, आणि म्हणाली, "लाभ." दुसऱ्याच्या डोक्यावरून तळवा: "दोन." तीन, च्यार, पाच. प्रत्येक कुत्रं सपाट करून ती दहापर्यंत गेली आणि शेवटी दोन्ही हात झटकून तिनं नसलेला भुसा उडवला.

काका मोठ्यानं हसले. मी म्हणाले, "एक म्हण गं. कुत्रं हाय ते, जवारी न्हाई."

"म्हणू दे की," अप्पा म्हणाले. "घरात पहिल्यांदा आलेल्या जिनसाला एक कामून म्हणायचं?"

"पर शाळेत चालत न्हाई तसं."

"तुझ्या शाळेला कुठं जवारी पिकती?"

अप्पा माझ्या बाजूनं बोलतील अशी माझी अपेक्षा होती, कारण मी बरोबर होते. पण खरी गोष्ट घडली ती काकूच्या बाजूला. ती हसली नव्हती. ती मालूकडे बघत म्हणाली, "आमचे अप्पा असंच म्हणायचे खळ्यावर. लाभ, यरडु, मूरु. तळवा पण असाच." तिचे वडील जाऊन थोडेच दिवस झाले होते, हे मला नंतर कळलं. तिनं मालूला उचलून मांडीवर घेतलं, तिच्या केसांत तोंड घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. मालू अंग आक्रसून घेत म्हणाली, "काकू, कुत्र्याला माती लागायली." मी तिथेच उभी होते. सगळं अचूक सांगणाऱ्याला शाबासकी मिळते आणि चुकणाऱ्याला मांडी मिळते, हे मी पाहत होते. अनेक वर्षांनी बातमीच्या मेजावर दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेताना तो आंबा मला कधी कधी आठवे. चूक काढली म्हणून कुणी मांडीवर घेतल्याचं मात्र आठवत नाही.

आई उठून भांडी गोळा करू लागली होती. ती घासायची भांडी आणि उरलेल्या अन्नाची भांडी एकातच घालत होती. असं ती कधी करत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका-काकू परत निघायचे होते. आई चुलीपाशी होती, काकू शेजारी तिला पीठ मळून देत होती. मी उंबऱ्याशी वेणी घालत बसले होते. रिबिनी घातल्या होत्या. काकूनं विषय काढला, तोही आईच्या हातावर भाकरी असताना.

"अक्का, मालूला न्यावं म्हणालेय मी. भाऊजींना यांनी विचारलंय. ते म्हणाले, तुम्हाला विचारा."

आईनं भाकरी थापणं थांबवलं. तिला तसं थांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. अर्धी झालेली भाकरी हातावर तशीच धरून ती म्हणाली, "शांताला न्या. मालूला मी देणार न्हाई."

"शांता हुशार हाय, मी कुठं न्हाई म्हणालेय," काकू म्हणाली. "पण बारकं लेकरू लवकर रुळतंय, अक्का. चार दिवस रडतंय, मग इसरतंय. मोठ्याला सगळं याद ऱ्हातंय. आई याद ऱ्हाती, घर याद ऱ्हातंय."

"व्हय," आई म्हणाली. "याद ऱ्हातंय म्हणून तर तिला न्या म्हणायलेय."

मग तिनं भाकरी पुन्हा थापायला घेतली, ती मधोमध फाटली, आणि तिनं तिचा गोळा करून परत पिठात दाबला. काकूनं परातीच्या कडेला चिकटलेलं पीठ खरवडून गोळ्याला लावलं. शेवटी तिनं विचारलं, "शांता येईल का पण?"

"इच्यार की. तितं बसलीय, सगळं ऐकायलीय."

काकूनं मला विचारलं नाही. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली. बीदर मला हवं होतं, नळ, दिवे, यंत्र यांच्यासकट हवं होतं आणि ते मला मिळालं होतं. पण ते मालूला द्यायला निघाले होते, आणि मालूला न देता मला दिलं गेलं ते आईला मालू सोडवत नव्हती म्हणून. दोन बायकांनी एकाच मुलीसाठी ओढाताण केली आणि त्या ओढाताणीत मी बीदरला गेले, असा त्या सकाळचा सारांश मी मनाशी काढला. आईचं 'मालूला मी देणार न्हाई' मला तेव्हा ऐकू आलं. 'याद ऱ्हातंय म्हणून तर' ऐकू यायला मला स्वतःला लेकरं व्हावी लागली.

पत्र्याची एक ट्रंक भरली गेली. बस येईपर्यंत रस्त्यावर सगळे उभे होते, अप्पासुद्धा. मालूला कळलं की बसमध्ये मी बसणार आणि ती नाही, तेव्हा तिनं रस्त्यावर लोळण घेतली. "मला बी बीदर," ती ओरडत होती, "शांताक्काला कामून?" आईनं तिला कमरेवर घट्ट धरलं होतं, त्यामुळे माझ्यासाठी तिचा एकच हात मोकळा होता. त्या हातानं तिनं मला तिळाच्या पोळ्यांची पुरचुंडी दिली आणि माझी रिबीन सारखी केली. बस निघाली तेव्हा मी मागे पाहिलं. आई मालूचं नाक पुसत होती.

बीदर येईपर्यंत काकू खिडकीबाहेर पाहत होती. काका अधूनमधून मला गावांची नावं सांगत होते. मी ती मनात साठवत होते, आणि काकूच्या पाठमोऱ्या अंबाड्याकडे बघत होते. तिला जी हवी होती ती मी नव्हते. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं, आणि आम्हाला एका घरात राहायचं होतं.

घरात शिरल्यावर काकूनं दिवा लावला. खरंच बटण दाबून. यंत्रावर एक फ्रॉक घडी करून ठेवलेला होता, पिवळा, गळ्याला लेस लावलेला, नवा. काकूनं तो घाईनं उचलला, पण मी मापं बघण्यात तरबेज होते. तो पाच वर्षांच्या मुलीचा होता. तिनं तो संतपूरला यायच्या आधीच शिवून ठेवला होता.

मी म्हणाले, "मला होईल."

"कसं होईल गं, लेकरा? हात तरी जाईल का?"

"जाईल."

हात गेला, आणि बगलेत शिवण उसवली. काकूनं फ्रॉक माझ्या अंगातून काढला. दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा यंत्राचा आवाज येत होता. तिनं बगलेत कळ्या घातल्या होत्या आणि खाली निळ्या कापडाची रुंद पट्टी जोडली होती, कारण पिवळं उरलं नव्हतं. मी तो घालून शाळेत गेले. पहिल्या दिवशी मुलींनी निळ्या पट्टीवरून चिडवलं. मी त्यांना सांगितलं, बीदरला अशीच फॅशन आहे. त्या बीदरच्याच होत्या, त्यामुळे हे फारसं टिकलं नाही.

वर्षभर मी तो फ्रॉक धुवायला पडेल तेवढाच वेळ अंगाबाहेर ठेवला. पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत संतपूरला जायचं ठरलं तेव्हा काकू ट्रंक भरत होती. तिनं फ्रॉक हातात घेऊन माझ्या अंगाला लावून पाहिला. तो गुडघ्याच्या बराच वर आला होता.

"आता हे तुला आखूड व्हायलंय," ती म्हणाली. "पट्टी काढली की मालूला बरोबर होईल. तिला नेऊ या."

"मला अजून होतोय."

"कुठं होतोय? बघ की."

"होतोय."

काकू फ्रॉक धरून माझ्याकडे बघत राहिली. तिनं ट्रंकेचं झाकण लावलं, यंत्राच्या खणातून कात्री काढली आणि चिंध्यांच्या गाठोड्यात हात घालून, निळ्याखाली जोडायला, एक तांबडी पट्टी शोधायला सुरुवात केली.